चष्मा गेला, डोळा तोच

चष्म्याच्या बाबतीत आपण ‘नंबर’ हा शब्द ज्या तऱ्हेने वापरतो त्यात एक गंमत आहे. नंबर लागतो, नंबर वाढतो, तो एका जागी थांबतो आणि लेसर करून घेतलं की नंबर जातो. ऐकणाऱ्याला वाटावं, की मुतखड्यासारखा हा काहीतरी डोळ्यात साठलेला पदार्थ असावा आणि डॉक्टरांनी तो काढून बशीत ठेवला असावा. प्रत्यक्षात नंबर हे डोळ्यातल्या कुठल्याच वस्तूचं नाव नाही. ती एक वजाबाकी आहे. डोळ्याची लांबी किती आणि त्या लांबीला साजेशी प्रकाश वळवायची ताकद त्याच्याकडे आहे की नाही, या दोहोंचा मेळ बसला नाही की जी तफावत उरते ती भरून काढणाऱ्या काचेचं माप म्हणजे नंबर. वजाबाकीचं उत्तर शून्यावर आणायचं तर दोनपैकी कुठलीही एक संख्या बदलली तरी चालतं. लेसर शस्त्रक्रिया नेमकं हेच करते, आणि जी संख्या बदलते ती बहुतेक वेळा मुळात बिघडलेली नसतेच. बिघाड असतो लांबीत. कोरलं जातं ते समोरचं, बऱ्यापैकी निर्दोष असलेलं पारपटल. या शस्त्रक्रियेची किमया आणि तिच्या मर्यादा, तिच्याबद्दलचं कौतुक आणि भीती, हे सगळं या एका गोष्टीकडे पाहिलं की उलगडत जातं. लेसर चष्मा घालवतं. लघुदृष्टी घालवत नाही.

आकडे पाहू. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. समोरून येणारा प्रकाश बरोबर मागच्या पडद्यावर एकवटायचा तर सुमारे ६० डायॉप्टर ताकद लागते. ही सगळी ताकद आतल्या भिंगाची, असा समज सर्रास आढळतो. पण तिच्यातला दोनतृतीयांशाहून मोठा वाटा, ४३ डायॉप्टरच्या आसपास, पारपटलाचा असतो. पारपटल म्हणजे बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखं बसलेलं पारदर्शक आवरण, दवाखान्यात ज्याला सगळे कॉर्निया म्हणतात. आता डोळा वाढीच्या वयात गरजेपेक्षा एक मिलिमीटर जास्त लांब झाला, तर ढोबळ मानाने अडीच डायॉप्टरचा उणे नंबर लागतो. उणे पाचचा चष्मा लावणाऱ्या माणसाचा डोळा म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, तिळाच्या दाण्याच्या रुंदीइतका, जास्त लांब. या वाढलेल्या लांबीला हात घालणारी शस्त्रक्रिया आजही चष्मा घालवण्यासाठी केली जात नाही. त्यामुळे वाट एकच उरते. डोळा लांब आहे ना, मग समोरच्या काचेची ताकद तेवढी कमी करा, म्हणजे किरण थोडे मागे जाऊन एकवटतील. ४३ डायॉप्टरचं पारपटल मध्यभागी किंचित सपाट करून ३८ वर आणायचं, की पाच डायॉप्टरचा हिशेब मिटला.

किती सपाट करायचं याचा हिशेब इतका साधा आहे की तो पाठकोऱ्या कागदावर करता येतो. अमेरिकेतले अभियंते चार्ल्स मनर्लिन यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र असं: ज्या गोलात कोरायचं त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला नंबराने गुणा आणि तिनाने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. सहा मिलिमीटरच्या गोलात एका डायॉप्टरला १२ मायक्रॉन, म्हणजे उणे पाचला ६० मायक्रॉन. डोक्यावरचा केस साधारण एवढाच, कधी याहून जाड असतो. केसाच्या जाडीइतका थर गेला की आयुष्यभराचा चष्मा गेला, हे ऐकून थक्क व्हायला होतं आणि व्हावंही. पण याच सूत्रात एक अडचणही लपलेली आहे. रात्री बाहुली मोठी होते. कोरलेला गोल तिच्यापेक्षा लहान असेल तर कडेचा प्रकाश वेगळा वळतो आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं, किरणं दिसतात. मग गोल सातचा करावा, तर तिथे ४९ भागिले तीन, म्हणजे डायॉप्टरला १६ मायक्रॉन. उणे पाचला ८० च्या वर. पारपटलाची जाडी मध्यभागी मुळात ५४० मायक्रॉनच्या घरात. शस्त्रक्रियेचं सगळं शहाणपण या तंग अंदाजपत्रकात बसवायचं असतं: रात्रीची नजर स्वच्छ हवी तर जास्त खर्च, आणि शिल्लक तर राखलीच पाहिजे.

ही शिल्लक राखण्याचा धडा वैद्यकशास्त्राला फुकट मिळालेला नाही. जपानमध्ये त्सुतोमु साटो यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पारपटलाला आतल्या बाजूने चिरा देऊन नंबर उतरवण्याचा प्रयोग केला. सुरुवातीला रुग्ण खूश होते. आतल्या बाजूला पेशींचा जो एकपदरी थर असतो तो पारपटलातलं पाणी सतत बाहेर टाकून ते पारदर्शक ठेवतो आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, हे तेव्हा नीटसं माहीत नव्हतं. वीसेक वर्षांनी त्यातल्या अनेकांची पारपटलं पाणी धरून धुरकट होऊ लागली. पुढे १९७० च्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी फक्त बाहेरून, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत लोकप्रिय केली. ती अमेरिकेत पोचली तेव्हा तिथल्या काही डॉक्टरांनी एक फार चांगलं काम केलं: रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४३ टक्के डोळे त्या दहा वर्षांत एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्तीने अधिक, म्हणजे प्लस, नंबराच्या बाजूला सरकले होते. चिरांनी सैल पडलेलं पारपटल सपाट होणं थांबवतच नव्हतं. १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळात सापडलेले अमेरिकन गिर्यारोहक बेक वेदर्स यांची अशीच शस्त्रक्रिया झालेली होती आणि त्या उंचीवरच्या विरळ हवेत त्यांची नजर जवळजवळ गेली होती. या दोन्ही कहाण्यांमध्ये पहिल्या वर्षाचा निकाल उत्तम होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा खरा निकाल लागायला दशकं जातात.

लेसर आलं ते वेगळ्याच दाराने. मद्रासमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत अतिनील लेसरवर काम करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरच्या मेजवानीतलं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत नेलं आणि १९३ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरखाली धरलं. हिरव्या लेसरने त्याच मांसाला कापलं तर कडा जळून काळ्या पडत. या लेसरने मात्र रंधा फिरवावा तशी स्वच्छ खाच पाडली, बाजूचं मांस जसंच्या तसं. या प्रकाशाचा एकेक कण इतका ऊर्जावान असतो की तो रेणूंमधले बंध थेट तोडतो आणि उष्णता बाजूला पसरायच्या आत तो थर उडून गेलेला असतो. एका स्पंदात जेमतेम पाव मायक्रॉन. १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हे तंत्र पारपटलाकडे वळवलं, आणि १९९० च्या सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावर इयोआनिस पाल्लिकारिस यांनी आधी एक पापुद्रा उचलून त्याखाली लेसर चालवण्याची रीत बसवली. तिचंच नाव लेसिक. पापुद्रा कापण्याची कल्पना त्याहून जुनी, नेत्रतज्ज्ञ होसे इग्नासिओ बाराकेर यांची, १९४९ सालची; ते तर पारपटलाची चकती काढून, गोठवून, लेथवर घासून परत शिवत. तंत्र इतकं पुढे आलं, तरी १९४९ मधला विचार आणि आजचा विचार एकच आहे. डोळ्याची लांबी बदलता येत नाही, तर समोरची काच घासा.

आज शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रत्यक्ष काय होतं ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे, कारण जाहिरातीतल्या ‘दहा मिनिटांत’ या शब्दांनी त्यातला बारकावा हरवतो. इंजेक्शन नाही, फक्त बधिरतेचे थेंब. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा बसतो. मग डोळ्यावर पोकळीने चिकटणारं कडं टेकतं. डोळ्यातला दाब एकदम वाढतो आणि काही सेकंद समोरचं सगळं करडं होत जातं. तेवढ्या वेळात फेम्टोसेकंद लेसर पारपटलाच्या आत सूक्ष्म बुडबुड्यांची चादर अंथरून शंभर-एकशेदहा मायक्रॉन जाडीचा पापुद्रा सुटा करतं. दवाखान्यात त्याला फ्लॅप म्हणतात. वहीचं पान उलटावं तसा तो एका बाजूला उलटला, की रुग्णाला समोरचा हिरवा किंवा लाल ठिपका पसरट, पाण्यात पडल्यासारखा दिसू लागतो. पुढचं काम एक्सायमरचं: टिकटिक असा आवाज आणि जळक्या केसांसारखा वास. खरं तर काही जळत नसतं. पारपटलातल्या कोलॅजनचे तुटलेले रेणू हवेत मिसळतात त्याचा तो वास. डोळा हलला तर यंत्र त्याच्या मागोमाग झोत हलवतं, फार हलला तर थांबतं. मग खारट पाण्याने धुऊन पापुद्रा परत जागेवर निजवायचा. टाका नाही. पापुद्र्याची कड काही दिवसांत सांधते, पण आतला सांधा पूर्वीइतका पक्का कधीच होत नाही. कित्येक वर्षांनंतरही डॉक्टर तो पुन्हा उचलू शकतात. म्हणूनच कुस्ती, मुष्टियुद्ध किंवा सैन्याच्या वाटेवर असलेल्यांना अनेकदा पापुद्र्याविना होणारी पीआरके पद्धत सुचवली जाते. तिच्यात वरची नाजूक त्वचा खरवडून थेट लेसर चालवतात, तीन-चार दिवस डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग होते आणि नजर लागायला आठवडे जातात. स्माइल या नव्या पद्धतीत आतल्या आत भिंगाच्या आकाराची पातळ चकती कोरून दोन-चार मिलिमीटरच्या फटीतून ओढून काढतात. तिन्हींत फरक आहेत आणि ते डॉक्टरांशी बोलावेत. अंकगणित मात्र तिन्हींचं तेच.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. उणे सहाचा डोळा लेसरनंतर चष्म्याशिवाय शेवटची ओळ वाचू लागला, तरी त्याची लांबी कालच्याइतकीच असते. लांबट डोळ्यात मागचा पडदा ताणला गेलेला असतो, फुग्यावर काढलेलं चित्र फुगा फुगल्यावर विरळ व्हावं तसा. त्याच्या कडा पातळ होतात, कधी बारीक छिद्रं पडतात आणि पडदा निसटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या १९९३ च्या एका मोठ्या अभ्यासात उणे एक ते उणे तीन नंबर असलेल्यांना, नंबर नसलेल्यांच्या तुलनेत, हा धोका चौपट आढळला आणि उणे तीनच्या पुढे दहापट. काचबिंदूही लघुदृष्टीच्या डोळ्यांत जास्त. लेसरने यातलं काहीच कमी होत नाही, कारण लेसर पडद्यापर्यंत पोचतच नाही. ज्यांना डोळ्याशी केवळ अंकांचा व्यवहार करायचा आहे त्यांच्यापेक्षा ज्यांना माणूस दशकभर कामाला लावायचा आहे ते लोक हे नीट ओळखून असतात. भारतीय हवाई दलाचे वैद्यकीय निकष पाहा. ज्या शाखांमध्ये लेसर झालेले उमेदवार चालतात तिथेही अट अशी, की शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी, नंतर किमान एक वर्ष गेलेलं असावं, पारपटलाची उरलेली जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली नसावी, शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर सहाच्या वर नसावा. आणि यंत्राने डोळ्याची लांबी मोजून ती ठरावीक मर्यादेत, २६ मिलिमीटरच्या आसपास, असावी. शाखेनुसार आणि काळानुसार या अटी बदलतात, पण लांबीची अट पाहण्यासारखी आहे. तक्ता खडखडीत वाचणाऱ्या मुलालाही ते विचारतात, की तुझा डोळा मुळात किती लांब आहे? चष्मा गेल्याचा पुरावा त्यांना पुरेसा वाटत नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचं स्वप्न पाहणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या पालकांनी घाईघाईने लेसरची तारीख घेण्याआधी एवढं वाचायला हवं.

इथे पहिला आक्षेप येणारच. डोळा जर तसाच राहणार असेल, तर मग एवढा खटाटोप हवा कशाला? हा नुसता दिखाऊपणा नाही का? आपल्याकडचा आरोग्य विमा जवळपास असंच मानतो. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांमध्ये साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबराच्या उपचारांचा खर्च वगळण्याची तरतूद आहे. यात एक उपरोध असा, की साडेसातच्या पुढे विमा कंपनी हात पुढे करते नेमकं तिथेच पारपटलाची शिल्लक पाहून अनेक डॉक्टर हात आखडता घेतात आणि डोळ्यात वेगळं भिंग बसवण्याचा पर्याय सुचवतात. पण दिखाऊपणाचा आरोप मला पटत नाही. चष्मा हाही आजार बरा करत नाही. तरी त्याला कुणी दिखाऊ म्हणत नाही. पावसात मोटारसायकल चालवणारा, भट्टीसमोर घामेजलेला, हेल्मेट आणि मास्क दोन्ही चढवून काम करणारा माणूस काचेवरची वाफ पुसत बसतो त्याची किंमत फक्त त्यालाच माहीत. कॉन्टॅक्ट लेन्स हा सुरक्षित पर्याय मानला जातो, पण तोही धोक्याविना नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासात रोज काढून ठेवायच्या मऊ लेन्स वापरणाऱ्यांत दर वर्षी दहा हजारांमागे दोघांना पारपटलाचा जंतुसंसर्ग झाला, आणि लेन्स घालून झोपणाऱ्यांत सुमारे वीस जणांना. वीस वर्षं लेन्स घालायची आणि कधीमधी नळाच्या पाण्याने धुवायची, तर ती जोखीम लेसरच्या जोखमीशी तुलना करण्याइतकी मोठी होते. लेसर म्हणजे नाकावरचं भिंग पारपटलावर कायमचं हलवणं. एवढंच या शस्त्रक्रियेचं काम मानलं तर ते काम ती फार चांगलं करते. तिच्याकडून बरं होण्याची अपेक्षा ठेवली, की तक्रार सुरू होते. लग्नाआधी मुलीचा चष्मा ‘काढून टाका’ म्हणणाऱ्यांची तर गोष्टच निराळी. तिथे बिघाड डोळ्यात नसतोच.

दुसरा आक्षेप दुष्परिणामांचा, आणि तो गंभीर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या नेत्रसंस्था आणि संरक्षण खात्याबरोबर केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेआधी ज्यांना वलयं, चमक, दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीच दिसत नव्हतं, अशांपैकी ४३ ते ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनी निदान एक नवा त्रास सांगितला. ज्यांना कोरडेपणा नव्हता त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्क्यांना तो सुरू झाला होता. आणि त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेबाबत समाधानी होते. त्या त्रासांनी रोजची कामं फार अडली असं सांगणारे एक टक्क्याहून कमी. शस्त्रक्रियेचे समर्थक दुसरा आकडा सांगतात, विरोधक पहिला. दोन्ही खरे आहेत आणि एकमेकांना खोटं पाडत नाहीत. लोक त्रास सोसूनही समाधानी असू शकतात, कारण चष्म्याचाही त्रासच होता. पण हे समाधान उणे अर्धा किंवा उणे एक नंबर असलेल्याला तेवढंच मिळेल का? ज्याचं फारसं अडत नव्हतं त्याच्यासाठी रात्रीची वलयं ही निव्वळ भर ठरू शकते. कोरडेपणाचं कारण तर सरळ आहे. पारपटल हा शरीरातला सर्वांत दाट मज्जातंतूंचा भाग, आणि पापुद्रा कापताना ते तंतू तुटतात. डोळा कोरडा पडल्याची बातमी मेंदूला पोचत नाही, पापणी कमी लवते, अश्रू कमी येतात. बहुतेकांचे तंतू महिन्यांत परत वाढतात. ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत, जे दिवसभर वातानुकूलित खोलीत पडद्यासमोर बसतात, त्यांनी हा हिशेब शस्त्रक्रियेच्या आधी करायचा असतो.

खरी भीती मात्र कोरडेपणाची नाही, ती पारपटल पुढे फुगण्याची आहे. काही लोकांचं पारपटल मुळातच दुबळं असतं. ते हळूहळू शंकूसारखं पुढे येतं. केरॅटोकोनस हे त्याचं नाव. अशा पारपटलातून आणखी थर काढला तर उरलेलं डोळ्याच्या दाबापुढे टिकत नाही, आणि मग नंबर असा वाढतो की चष्म्यानेही भागत नाही. हा विषय आपल्याला जवळचा आहे. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या मोठ्या पाहणीत पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असलेली माणसं २.३ टक्के निघाली. फक्त वक्रतेवरून केलेलं निदान थोडं सैल म्हणता येईल, तरी चाळीसेक माणसांमागे एकाचं पारपटल संशयास्पद असेल तर ती दुर्मीळ गोष्ट राहत नाही. उन्हाळ्यातल्या ॲलर्जीने डोळे चोळत बसणारी मुलं तर घरोघर असतात, आणि चोळणं हे पारपटल सैल होण्याशी जोडलेलं एक ठळक कारण आहे. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी जे मोजमाप होतं, पारपटलाच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठाचा रंगीत नकाशा, जाडीचा नकाशा, तोच माझ्या मते या शस्त्रक्रियेचा कणा आहे. लेसर यंत्र सगळीकडे जवळपास सारखंच अचूक असतं. नकाशा बघून ‘तुमची करत नाही’ म्हणणारा डॉक्टर मात्र सगळीकडे मिळत नाही. मऊ लेन्स आधी काही दिवस बंद ठेवायला सांगतात तेही याच नकाशासाठी. लेन्सने दाबलेलं पारपटल खोटा आकार दाखवतं. नंबर निदान वर्षभर स्थिर हवा, ही अटही इथलीच. लांबी अजून वाढत असेल तर आज शून्य केलेली वजाबाकी उद्या पुन्हा उणे होणार.

मग तिसरा आक्षेप, हमखास खेळकर आवाजात विचारला जाणारा: लेसर एवढं चांगलं, तर डोळ्यांचे डॉक्टर स्वतः चष्मा का लावतात? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपैकी ज्यांचे डोळे तिच्यासाठी योग्य होते त्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिकांनी ती स्वतः करून घेतलेली आढळली. पण उरलेल्या डॉक्टरांच्या नाकावरचा चष्मा नीट पाहिला तर तो बहुधा वेगळाच निघेल. ती चाळिशी असते. जवळचं वाचताना आतलं भिंग फुगून ताकद वाढवतं. चाळिशीच्या आसपास ते ताठर होतं आणि ही लवचीकता जाते. पारपटलावरच्या लेसरचा याच्याशी काही संबंध नाही. उलट एक गोष्ट फार थोडे जण आधी सांगतात. उणे तीनचा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी चष्मा काढतो आणि हातातलं वर्तमानपत्र आरामात वाचतो. निसर्गाने त्याला फुकटची चाळिशी दिलेली असते. लेसरने त्याचा नंबर शून्य केला, की ही सोय गेली. ज्याने पस्तिसाव्या वर्षी मोठ्या हौसेने चष्मा घालवला, त्याला दहा वर्षांत औषधाच्या पाकिटावरची मुदत वाचायला चष्मा शोधावा लागतो, आणि मग तो म्हणतो, लेसर फेल गेलं. ते फेल गेलेलं नसतं. एका डोळ्यात मुद्दाम थोडा उणे नंबर ठेवून तो जवळच्यासाठी आणि दुसरा लांबच्यासाठी वापरण्याची युक्ती आहे; काहींना ती जमते, काहींना खोलीचा अंदाज बिघडल्यासारखा वाटतो. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून आठवडाभर तसं जगून पाहावं.

लांबीला हात घालता येत नाही असं वर म्हटलं, ते मोठ्यांच्या डोळ्याबाबत खरं. वाढत्या डोळ्याबाबत थोडं वेगळं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळांमध्ये केलेल्या प्रयोगात रोज ४० मिनिटं मैदानातला जादा तास दिला, तेव्हा तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी लागलेल्या मुलांचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. अंधुक वर्गाबाहेरचा भरपूर प्रकाश डोळ्याची वाढ आवरतो, असं दिसतं. लेसरवर जेवढी जाहिरात होते त्याच्या शतांशही या ४० मिनिटांवर होत नाही, कारण मैदानाचं बिल कुणाला पाठवता येत नाही.

आणि मोतीबिंदू. तो आज लेसर करून घेणाऱ्या पंचवीस वर्षांच्या माणसालाही कधीतरी गाठणारच, आणि तेव्हा आतलं गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायचं असतं. त्याची ताकद ठरवायला डॉक्टर दोनच गोष्टी मुख्यतः मोजतात: डोळ्याची लांबी आणि पारपटलाची वक्रता. पुन्हा तीच वजाबाकी. वक्रता मोजणारं नेहमीचं यंत्र फक्त पुढचं पृष्ठ बघतं आणि मागच्या पृष्ठाचं त्याच्याशी नेहमीचं प्रमाण असेल असं गृहीत धरतं. लेसरने पुढचं पृष्ठ बदललं, मागचं तसंच राहिलं, त्यामुळे ते प्रमाण मोडलं. यंत्र पारपटलाला आहे त्याहून ताकदवान समजतं, डॉक्टर कमी ताकदीचं भिंग निवडतात, आणि रुग्णाला मोतीबिंदूनंतर अधिक नंबराचा चष्मा लागतो. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतानाही असंच: पातळ झालेल्या पारपटलावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि धोका नजरेआड राहू शकतो. यावर नवी सूत्रं आणि मागचं पृष्ठही मोजणारी यंत्रं आली आहेत. त्यांना सर्वांत जास्त मदत होते ती एका साध्या कागदाची: लेसरच्या आधीचा नंबर, आधीची वक्रता, आधीची जाडी, किती मायक्रॉन काढले. शस्त्रक्रियेनंतर चष्म्याची जुनी फ्रेम लोक आठवण म्हणून जपतात आणि हा कागद औषधाच्या पिशवीबरोबर टाकून देतात. फ्रेमचा उपयोग कधीच होणार नाही. तीस-पस्तीस वर्षांनी मोतीबिंदूच्या टेबलावर चढण्याआधी, दवाखाना बंद पडलेला असेल, डॉक्टर निवृत्त झालेले असतील, तेव्हा मुलाला फोन करून कपाटातली जी फाइल शोधायला सांगावी लागेल, तिच्यात तो कागद असायला हवा.